पांढरीची माती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



गाव कोणी वसवले असे विचारले की आपण एखादा राजा, सरदार किंवा साधुपुरुष शोधू लागतो. नाव सापडले की आपले समाधान होते. नेवाशाच्या बाबतीत मात्र असे एक नाव हाती लागत नाही. मला वाटते, तीच त्या गावाची खरी श्रीमंती आहे.

पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव प्रवरेच्या काठी वसले आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली ही नदी नेवाशावरून पुढे टोक्याला गोदावरीला मिळते. मराठी माणूस नेवासे ओळखतो तो ज्ञानेश्वरीमुळे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ती इथे सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असे आपण मानतो, तो पैस खांब तिथे आजही आहे. पण ज्ञानदेव आले, तेव्हासुद्धा हे गाव म्हातारेच होते.

१९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या लाडमोड नावाच्या टेकाडावर उत्खनन केले. प्रवरेच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगातली दगडी हत्यारे मिळाली. त्यांतल्या एका प्रकाराला सांकलियांनी ‘नेवासियन’ असे नावच दिले. मात्र ती माणसे शिकारीमागे फिरणारी, घरदार करून राहणारी नव्हेत. घर बांधणारे पहिले लोक आले ते सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी. त्यांनी लाकडी खांब रोवले, कुडाच्या भिंती मातीने लिंपल्या, तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढली.

घरातले लहान मूल दगावले, तर ते त्याला दोन मडक्यांत ठेवत, मडक्यांची तोंडे एकमेकांना लावत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांमध्ये दोऱ्याचे अवशेष उरले होते. तपासणीत तो रेशमाचा निघाला, आणि त्यात कापसाचेही तंतू होते. नेवाशाच्या पहिल्या रहिवाशांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्यांतल्या कोणीतरी ती माळ ओवली, एवढे ठाऊक आहे. मला ते पुरेसे वाटते.

पुढे ती वस्ती मोडली आणि टेकाड कित्येक शतके ओस पडले. सातवाहनांच्या काळात पुन्हा माणसे आली. पैठण इथून जवळ, व्यापार भरात होता. त्या थरात रोमहून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळाली. तीही वस्ती उठली. चौदाव्या शतकापासून, बहामनी ते मराठा काळात, टेकाडावर तिसऱ्यांदा चुली पेटल्या. या काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडेही इथे सापडले. म्हणजे एकाच टेकाडावर माणसांनी तीनदा घर मांडले. यांतला संस्थापक कोणाला म्हणायचे?

आपल्या भाषेने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. शेतजमिनीला आपण काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. ही पांढरी आयती मिळत नाही. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान् पिढ्या साचते, तेव्हा जमीन पांढरी होते. गाव वसवले जात नाही, ते राहून राहून साचत जाते.

नेवाशाचे नावच पाहा. नदीच्या दोन काठांवर नेवासे खुर्द आणि नेवासे बुद्रुक. खुर्द म्हणजे लहान, आणि बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, मोठे. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि मराठी मुलखात असे मुरले की, आज ते कोणाला परके वाटत नाहीत.

घरी दखनी बोलणारा माणूस कविता मराठीत लिहितो, म्हटल्यावर मला हमखास विचारतात, “तुम्ही मूळचे कुठले?” मी नेवाशाचा नाही, तरी अशा वेळी मला लाडमोडचे टेकाड आठवते. मूळ शोधत खाली खाली खणत गेले की शेवटी नदीची वाळू लागते. त्या वाळूत हत्यार टाकून गेलेला माणूसही वाटसरूच होता. या उत्खननाचा अहवाल १९६० साली निघाला. त्याच्या लेखकांत सांकलिया आणि शां. भा. देव यांच्याबरोबर झेड. डी. अन्सारी हेही होते. टेकाड उकलायला बसलेल्या या मंडळींनी कुठल्या थराला आपले म्हटले नाही, की कुठल्या थराला परके.

अशी पांढरीची टेकाडे महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या कडेला आहेत. तिथली माती शेतात घालायला गाड्या भरभरून नेली जाते. तुमच्या गावाशेजारी असे टेकाड असेल, तर ते जपा. त्यात कोणाची राख आहे, हे विचारत बसू नका. त्यात सगळ्यांचीच आहे.