सुट्टी नसलेले सण



संयोजकांनी मला "कॉम्प्युटरवर काहीतरी बोल" असं सांगितलं होतं. पण जेवणाच्या आधी कॉम्प्युटरवर बोलणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते मला ठाऊक आहे. म्हणून मी सणांवर बोलणार आहे. म्हणजे असे सण, जे कालनिर्णयमध्ये सापडत नाहीत आणि ज्यांची सुट्टी कुणी देत नाही.

आमच्या ऑफिसात बारा महिने कुठला ना कुठला 'डे' चालू असतो. माल खपवायला काढलेले दिवस मी सोडून देते. मला गंमत वाटते ती कुणा एका साध्या माणसाच्या डोक्यातून निघालेल्या दिवसांची. अमेरिकेत ओरेगन राज्यात जॉन बाऊर आणि मार्क समर्स हे दोन मित्र ६ जून १९९५ रोजी रॅकेटबॉल खेळत होते. खेळता खेळता ते समुद्री चाच्यांच्या थाटात एकमेकांवर ओरडायला लागले. मजा आली, तेव्हा ठरलं की वर्षातून एक दिवस असंच बोलायचं. पण ६ जून ही दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईची तारीख, त्या दिवशी थट्टा बरी दिसत नाही. मग १९ सप्टेंबर ठरला. का? तर तो समर्सच्या घटस्फोटित बायकोचा वाढदिवस होता आणि त्याच्या लक्षात राहणारा होता! सात वर्षं हा सण दोघांच्या मित्रमंडळींतच होता. २००२ साली त्यांनी डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाला कळवलं, त्याने त्यावर लिहिलं आणि तो जगभर गेला.

गणिताच्या सरांसाठी 'पाय' दिवसही सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयातल्या लॅरी शॉ यांनी १९८८ मध्ये तो सुरू केला. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून १४ मार्च म्हणजे ३.१४. आपण दिवस आधी लिहितो, त्यामुळे आपल्याला २२ जुलै बरा, म्हणजे २२/७. सर, तुम्ही आम्हाला तेवढंच शिकवलं होतं आणि माझं आजवर त्यावर भागलं आहे. नंतर युनेस्कोने १४ मार्च हा गणिताचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. म्हणजे तो आता मोठ्या लोकांत गेला.

पण मला खरं सांगायचंय ते जुलैच्या शेवटच्या शुक्रवाराबद्दल.

टेड केकाटोस नावाचा शिकागोकडचा एक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. ऑफिसातले सर्व्हर, प्रिंटर, नेटवर्क सांभाळणारा माणूस. त्याने मासिकात एक जाहिरात पाहिली. नवे प्रिंटर बसवले म्हणून ऑफिसातले लोक रांग लावून आपल्या अ‍ॅडमिनला फुलं आणि फळांच्या टोपल्या देताहेत, असं चित्र. गंमत म्हणजे केकाटोसने त्याच मॉडेलचे प्रिंटर आपल्या ऑफिसात नुकतेच बसवले होते. आता त्याला कुणी केळंसुद्धा दिलं नसणार, हा आपला माझा अंदाज. त्याने २८ जुलै २००० रोजी अशा लोकांचे आभार मानण्याचा दिवस सुरू केला. तो आजही पाळतात.

आपल्याकडे याच्या जवळचं काय आहे? पोळ्याला आपण बैलाचे खांदे मळतो, त्याला पुरणपोळी भरवतो. दसऱ्याला आमच्या ऑफिसात सर्व्हरला झेंडूचा हार पडतो, हळदकुंकू लागतं. मात्र तो हार घालायला कुलूप काढून देणारा माणूस बाजूला उभा असतो.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या चौथ्या वर्षी रात्री एक वाजता मी चाचणीचा समजून चालू डेटाबेस पुसून टाकला. हातपाय गार पडले. आमच्या अ‍ॅडमिनला उठवलं. तो मला एक शब्द बोलला नाही. "बॅकअप आहे, चहा पिऊन ये," एवढंच म्हणाला आणि पहाटे चारपर्यंत सगळं जागेवर आणलं. सकाळी काम वेळेवर झालं म्हणून कौतुकाची मेल आली ती मला! त्याचं नाव त्यात नव्हतं आणि मीही ते घातलं नाही.

हे आज इथे का सांगते आहे? या मेळाव्याची आमंत्रणांची यादी मी केली. दहावीचा ग्रुप फोटो समोर ठेवला आणि एकेक नाव लिहीत गेले. झाली यादी. मग बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आणि मामा गं?"

शिपाईमामा फोटोत नाहीत. कारण आपल्यासाठी बाकं लावून ते फोटोग्राफरच्या मागे उभे होते.

बाईंनी तेव्हाच मला आणखी एक सांगितलं. बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आधी एका शनिवारी रात्री टाकीचा पाइप फुटून प्रयोगशाळेत पाणी शिरलं होतं. खालच्या कप्प्यात आपली सगळी जर्नल्स होती. मामांनी रविवारी ती वर्गातल्या बाकांवर उघडून मांडली आणि दिवसभर पंख्याखाली एकेक पान उलटत बसले. सोमवारी आपल्याला जर्नल्स मिळाली. पानं वाकडी झाली म्हणून आपण कुरकुर केली, आठवतं? मी तर नवीन कव्हर मागायला त्यांच्याकडेच गेले होते. कसं झालं ते मात्र कुणी विचारलं नाही.

मामा आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मामा, उठू नका, बसा.

मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. दरवर्षी एक दिवस आपण आपल्या शाळेतल्या शिपायांसाठी आणि सफाईच्या मावशींसाठी ठेवू. शाळेत जायचं, त्यांच्यासोबत जेवायचं, बाकं आपण लावायची. तारीख म्हणून तो रविवारच घ्यावा असं वाटलं, म्हणून मामांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "तारीख कोण ध्यानात ठेवतं पोरी? पण तुझं जर्नल आठवतं. निळी शाई सगळी पसरली होती. आकृत्या तेवढ्या पेन्सिलीच्या, म्हणून वाचल्या."