तुलना कोणाची, कोणाशी?

‘सोलापूरचे ऊन पुण्यापेक्षा कडक’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. ऐकणारा ‘पुण्याच्या उन्हापेक्षा’ असाच अर्थ घेतो. त्यावरून मुलाने ‘द हीट ऑफ सोलापूर इज ग्रेटर दॅन पुणे’ असे लिहिले, तर उन्हाची तुलना शहराशी होते. तेथे ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ हवे. तसेच ‘बिगर दॅन एनी स्कूल इन द डिस्ट्रिक्ट’ लिहिल्यास, शाळा त्याच जिल्ह्यातील असल्याने, स्वतःहूनच मोठी ठरते. म्हणून ‘एनी अदर स्कूल’.

या चुका आळसाच्या नव्हेत, मातृभाषेच्या वळणाच्या आहेत. तांबड्या शाईने वाक्य खोडण्यापूर्वी शिक्षकाने एवढेच विचारावे : ‘बाळ, तुलना कोणाची, कोणाशी?’ मग पुष्कळदा मूल आपले वाक्य आपणच सुधारील.