पायवाट पायांनी राहते
(समाजाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या मंचावर दरवर्षी इतिहास, संगीत, अध्यात्म अशा मोठ्या विषयांवर विद्वान मंडळी बोलतात. आमचा विषय अगदी लहान आहे. लांबी सुमारे दीड किलोमीटर, रुंदी दोन माणसं शेजारी चालतील एवढी. आमच्या वसाहतीमागची रानातली पायवाट. ती आम्ही एकदा बंद केली आणि मग काय झालं, ते सांगायला उभे आहोत. कार्यक्रमपत्रिकेत ‘पर्यावरण आणि आपण’ असं छापलं आहे. पर्यावरणावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यातल्या ‘आपण’बद्दल बोलणार आहोत.

इंदूरहून दक्षिणेला खंडवा रस्त्यानं निघालं की माळव्याचं पठार संपत येतं आणि विंध्याचे उतार सुरू होतात. पळस, खैर, धावडा, सालई, तेंदू, मोह असं हे पानगळीचं रान. नाल्याकाठी करंज आणि अर्जुन. त्याच बाजूला आमची साठेक घरांची ‘हरित वसाहत’ आहे. छतावर सौर पट्ट्या, पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचे खड्डे, सांडपाणी शुद्ध करून बागेला, ओल्या कचऱ्याचं खत. घर घेताना माहितीपुस्तकात सगळ्यांत मोठा फोटो होता तो मागच्या पायवाटेचा. खाली लिहिलं होतं, ‘नेचर ट्रेल’. आम्हाला वाटलं, घरासोबत हीसुद्धा विकत मिळाली.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. पहाटे फिरायला जावं, पावसाळ्यात नवरंगाची शीळ ऐकावी, एखाद्या दिवशी पांढऱ्या लांब शेपटीचा दूधराज दिसावा. आपल्या मध्यप्रदेशाचा राज्यपक्षी पुष्कळांनी चित्रातच पाहिलेला असतो. आम्ही झाडांवर नावांच्या पाट्या लावल्या, मुलांना घेऊन गेलो, फोटो काढले.

पण वाटेवर आम्ही एकटे नव्हतो. पलीकडच्या गावातल्या बायका गवताचे भारे घेऊन त्याच वाटेनं यायच्या. एक म्हातारे बाबा शेळ्या नाल्यावर न्यायचे. चैत्रात मोहाची फुलं वेचायला पहाटेच माणसं यायची. मग कुणाची तरी सायकल चोरीला गेली. कुणी म्हणालं, शेळ्या रोपं खातात. पहाटे अंधारात एकट्या फिरणाऱ्या आमच्या भगिनींची काळजीही खरी होती, ती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. सर्वसाधारण सभेत ठराव झाला, वाटेच्या दोन्ही टोकांना फाटक बसवलं, कुलूप लावलं. किल्ली सेक्रेटरींकडे. ठरावाच्या बाजूनं आम्हीही हात वर केला होता.

पहिल्याच पावसाळ्यानंतर फरक दिसू लागला. आमच्यापैकी रोज फिरणारे म्हणाल तर आठ-दहा जण, तेही पहिल्या अर्ध्या किलोमीटरपर्यंत. पुढच्या भागात गवत कमरेइतकं वाढलं. घाणेरी, म्हणजे तीच टणटणी, दोन्ही बाजूंनी आत सरकली. ही वनस्पती मूळची अमेरिकेतली. इंग्रजांच्या काळात शोभेचं झुडूप म्हणून आली आणि देशभरच्या रानांत पसरली. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, पाखरं मात्र फळं खाऊन बी सर्वदूर टाकतात. गावातली माणसं जळणासाठी आणि कुंपणासाठी ती तोडून न्यायची. हे आम्हाला त्यांनी न्यायचं थांबवल्यावर कळलं. आम्ही माळ्याकडून ती वरून छाटून घेतली, तर दुप्पट जोमानं फुटली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वाट कुठून जात होती, ते फक्त पाट्यांवरून ओळखू यायचं.

आणि मग एप्रिलमधली ती दुपार. दोनचा सुमार. नोकरदार मंडळी शहरात, घरी ज्येष्ठ माणसं आणि मुलं. रानातून धूर दिसला. दोन वर्षं न कापलेलं वाळलं गवत, त्यात घाणेरीच्या काड्या, वर उताराकडे वारा. आग मागच्या ओळीतल्या घरांच्या दिशेनं येत होती. अग्निशमन दलाला फोन झाला, पण त्यांना पोचायला वेळ लागणार होता, आणि बंब काही पायवाटेवर जात नाही.

आधी पोचली ती गावातली माणसं. करंजाच्या हिरव्या फांद्या हातात घेऊन पंधरा-वीस जण फाटकापाशी उभे. फाटकाला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी ऑफिसात, वीस किलोमीटरवर. ते शेळ्यांवाले बाबा बाहेरून ओरडून विचारत होते, “भैया, चाबी किसके पास है?” चौकीदाराकडे उत्तर नव्हतं. शेवटी माणसं तारेच्या कुंपणावरून आत चढली. काहींचे हात फाटले. निम्म्या जणांनी आगीच्या पुढची जमीन पट्टाभर खरवडून पालापाचोळा बाजूला केला, बाकीच्यांनी फांद्यांनी ज्वाळा झोडपल्या. दीड तासानं आग विझली. निम्म्याहून अधिक पट्टा काळा झाला. आमच्या एका आजोबांना धुरानं दम लागला, दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं. घरं वाचली.

संध्याकाळी आमच्यातले काही जण लगेच म्हणाले, “मोहाखालचा पाला गाववाल्यांनीच पेटवला असणार.” संशय अगदीच निराधार नव्हता. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखाली पाला जाळण्याची रीत आहे आणि त्यातून रानात वणवे लागतात. पण दुसऱ्या दिवशी जळलेल्या जागेचा माग काढत गेलो, तर आग सुरू झाली होती आमच्याच आवाराच्या कोपऱ्यात. खताचे खड्डे भरले होते म्हणून बागेतल्या वाळक्या पानांचा ढीग तिथे पेटवला गेला होता. सांगितलं कुणी? आम्हीच. आपलं शहर स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं देशात पहिलं आलं, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण त्या सवयीनं आम्हाला झाडाचं पानही कचरा वाटू लागलं होतं. रानात पडलेलं पान म्हणजे खत, ओल, किड्यांचं घर. आवारातलं पान खड्ड्यात जायचं. आम्ही त्याला काडी लावली.

त्यानंतर करायला हवं होतं ते केलं, उशिरा का होईना. आमच्यात सरकारी खात्यातले उपयंत्रीही आहेत, त्यातलाच एक आपल्यासमोर उभा आहे. कागद पाहायचं आधीच सुचायला हवं होतं. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता १९५९, कलम २४२. यात गावचं ‘वाजिब-उल-अर्ज’ असतं, म्हणजे खाजगी जमिनीतूनही लोकांचा जो जाण्या-येण्याचा किंवा पाण्याचा रिवाजी हक्क असेल त्याची नोंद. कलम १३१ प्रमाणे अशा वाटेचा तंटा तहसीलदारांपुढे जातो. आम्ही पटवाऱ्याकडे नोंद पाहिली. आमचा ‘नेचर ट्रेल’ तिथे गावापासून नाल्यापर्यंतची वहिवाट म्हणून लिहिलेला होता. वसाहतीच्या किती तरी आधीपासून.

मग गावातल्या मंडळींना भेटायला गेलो. चहा त्यांनीच पाजला. तिथे जे ठरलं ते साधं आहे. कुलूप काढलं. फाटकाच्या जागी माणूस वळून जाईल पण गुरं जाणार नाहीत अशी अरुंद वाट केली. दिवाळीनंतर गवत गावानं कापून न्यायचं. घाणेरी दोघांनी मिळून काढायची. वरून छाटायची नाही, जमिनीखाली मुळाच्या गाठीपासून तोडायची, हे आम्हाला त्यांनी शिकवलं. मोहाखाली पाला जाळायचा नाही, झाडून बाजूला करायचा, हे त्यांनी मान्य केलं. शेळ्या नव्या रोपांच्या बाजूला नेायच्या नाहीत. आमची कुत्री मोकळी सोडायची नाहीत. सगळं सुरळीत आहे असं नाही. शेळ्या अजून कधी तरी आत घुसतात, आणि आमच्यातल्या दोन घरांना कुलूपच बरं होतं असं आजही वाटतं. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी आमची मुलं पत्री गोळा करायला गेली, सोबत गावातली मुलं. एकवीसपैकी अकरा पत्री त्या वाटेवर मिळाल्या: दूर्वा, आघाडा, माका, बेल, बोर, धोत्रा, डोरली, रुई, विष्णुक्रांता, अर्जुन आणि पिंपळ. आघाडा आणि माका आमच्या मुलांना ओळखता आला नाही. गावातल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीनं दाखवला. एकेका झाडाची दोन-दोन पानंच घ्यायची, असा नियम केला होता. धोत्रा विषारी, म्हणून तो मोठ्यांनी तोडला.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळ जण आता शहराच्या कडेला नव्या वसाहतींत राहायला गेले आहेत. तिथे मागे कुठे तरी अशी एखादी वाट असेल. तिच्यावर फाटक बसवण्याचा ठराव येईल तेव्हा हात वर करण्याआधी एवढंच पाहा, की ती वाट आजवर कुणाच्या पायांनी राहिली आहे.

 गणपती बाप्पा मोरया!