चोरीची यादी

लिख्टेनश्टाइन हे नाव उच्चारायला जितके अवघड, तितका तो देश लहान. क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर. आमच्या खेड तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावेल. तिथल्या राजघराण्याच्या एलजीटी बँकेत हाइनरिख कीबर नावाचा माणूस जुनी कागदपत्रे संगणकावर चढवण्याचे काम करत होता. जाताना तो ग्राहकांची माहिती घेऊन गेला. पुढे जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने ती चाळीस लाख युरोंहून अधिक मोजून विकत घेतली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये जर्मन टपाल कंपनीचे प्रमुख क्लाउस झुमविंकेल यांच्या दारात पोलीस उभे राहिले. पुढल्या वर्षी करचुकवेगिरीबद्दल त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा आणि दहा लाख युरोंचा दंड झाला.

आता प्रश्न असा, की सरकारने चोरीचा माल घ्यावा का? कोकण किनाऱ्याला या प्रश्नाचे नवल वाटू नये. सोन्याच्या तस्करीच्या दिवसांत कस्टमचे खबरे असत, पकडलेल्या मालाच्या किमतीतून त्यांना बक्षीस मिळे, आणि खबऱ्या कोणत्या वाटेने खबर आणतो हे साहेब विचारत नसे. आपले सर्वोच्च न्यायालयही यावर फार पूर्वीच बोलून गेले आहे. १९७३ साली पूरणमल खटल्यात त्याने सांगितले, की झडती बेकायदा असली तरी तेवढ्याने तिच्यात सापडलेला पुरावा बाद होत नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही २०१० साली अशा माहितीवरून झडती घ्यायला मुभा दिली. मला स्वतःला हे पटते. ज्या देशांनी गुप्ततेलाच कायद्याचे कुलूप घातले, तिथे सरळ दरवाजाने माहिती यायची कशी? स्वित्झर्लंडमध्ये १९३४ पासून ग्राहकाची माहिती फोडणे हा फौजदारी गुन्हा आहे.

जर्मनीने त्या यादीतली भारतीय नावे २००९ साली आपल्या सरकारला दिली. सरकारने ती दाबून धरली. करारात गुप्ततेची अट आहे, हे कारण. ज्येष्ठ वकील राम जेठमलानी आणि इतरांनी दाद मागितली तेव्हा ४ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. ते पथक प्रत्यक्षात यायला मे २०१४ उजाडला. न्या. एम. बी. शाह त्याचे प्रमुख झाले. दरम्यान दुसरी, मोठी यादी आली होती. एचएसबीसीच्या जिनिव्हा शाखेतला संगणकतज्ज्ञ एर्व्हे फाल्सियानी २००८ साली माहिती घेऊन फ्रान्समध्ये पोहोचला होता. फ्रान्सने ती २०११ मध्ये भारताला दिली. ऑक्टोबर २०१४ मध्ये ६२७ नावे बंद पाकिटात न्यायालयापुढे ठेवली गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने ११९५ भारतीयांची यादी मिळवली. त्या खात्यांतली शिल्लक २५,४२० कोटी रुपये होती. मुंबईचे पत्ते त्यात भरपूर.

पण यादीत नाव म्हणजे गुन्हा नव्हे, आणि हे आपल्याकडे जितके समजायला हवे तितके समजलेले नाही. पुण्याच्या हसन अली खानचे प्रकरण आठवा. जानेवारी २००७ मध्ये आयकर खात्याने छापे घातले आणि स्विस बँकेत आठ अब्ज डॉलर दाखवणारे कागद हाती लागले. चहाच्या टपरीवर महिनोन् महिने तोच विषय. काही जण नाव मोठ्याने उच्चारत आणि माझ्याकडे बघत. मी चहा पीत असे. पुढे स्विस बाजूने सांगण्यात आले, की ते कागदच बनावट आहेत. २०११ साली अटक झाली, वर्षानुवर्षे खटला रेंगाळला, २०२३ साली तो माणूस वारला. आठ अब्ज डॉलर काही दिसले नाहीत. त्याला मी निर्दोष ठरवत नाही, ते माझे काम नव्हे. पण फुटलेला कागद खरा की खोटा, हे आधी पाहावे लागते. कागद काय, कोणीही छापतो.

दुसरी गोष्ट आमच्या घरांना जास्त लागू आहे. खेड, चिपळूण, दापोली या पट्ट्यातले किती तरी लोक दुबई, कुवेत, सौदीत वीस-तीस वर्षे राबले. परदेशात राहणाऱ्याचे तिथे खाते असणे मुळीच गैर नाही. परत आल्यावरही तिथे कमावलेला पैसा तिथे ठेवायला परकीय चलनाचा १९९९ चा कायदा परवानगी देतो. मात्र इथला कायम निवासी ठरल्यावर ते खाते आयकर विवरणात दाखवावे लागते. न दाखवल्यास काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याने दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, हे बरे झाले. गल्फमधून परतलेला ड्रायव्हर, त्याचे विसरलेले खाते आणि जिनिव्हात ट्रस्टच्या आड बसलेला शेठ, यांना एकाच दांडक्याने मारणे हा न्याय नव्हता.

त्याच कायद्याने २०१५ साली लोकांना तीन महिन्यांची संधी दिली होती. कर आणि तेवढाच दंड भरा, मोकळे व्हा. साडेसहाशेच्या आसपास लोक पुढे आले, जाहीर झालेली रक्कम चार हजार कोटींच्या थोडी वर. निवडणुकीच्या सभांत ज्या आकड्यांचा पाऊस पडला होता, त्यापुढे ही नुसती झिमझिम. आता काही बाबतींत चोरीची गरज उरलेली नाही. सप्टेंबर २०१९ पासून स्वित्झर्लंड भारतीयांच्या खात्यांची माहिती दरवर्षी रीतसर पाठवते. पण त्यात घरे-बंगले येत नाहीत, आणि कंपनीच्या पोटात कंपनी दडवली तर मूळ मालक शोधता शोधता अधिकारी निवृत्त होतो. २०१६ चे पनामाचे कागदही फुटूनच बाहेर आले होते.

म्हणून मला यादीपेक्षा यादी फोडणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. तो काही साधू नसतो. कीबरने पैसे घेतले. फाल्सियानीला स्वित्झर्लंडने २०१५ साली त्याच्या गैरहजेरीत पाच वर्षांची शिक्षा सुनावली. स्पेनने मात्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये त्याला स्विसच्या हवाली करायला नकार दिला. आपल्याकडे २०१८ च्या योजनेत परदेशातल्या काळ्या पैशाची खबर देणाऱ्याला पाच कोटींपर्यंत बक्षीस ठेवले आहे. बक्षीस आहे, संरक्षणाचे काय? तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार माहितीच्या अधिकारात खणून काढत होते. जानेवारी २०१० मध्ये भर रस्त्यात त्यांचा खून झाला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अंमलात आणलेला नाही.

मी लोट्यात राहतो. इथे रसायनांचे कारखाने आहेत, आणि खाली दाभोळ खाडीत मेलेली मासळी तरंगली की खाडीकाठचे भोई मोर्चा घेऊन वर येतात. तपासणीच्या दिवशी बाहेरच्या माणसाला दिसते ते स्वच्छच असते. रात्री कुठला टँकर कुठल्या नाल्यावर उभा होता, हे ठाऊक असते ते पाळीवरच्या एखाद्या पोराला. तो ठेकेदाराकडे रोजावर असतो. टँकरचा नंबर त्याने कोणाला सांगितलाच, तर दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचा पास निघत नाही, आणि का निघाला नाही हे कोणी कागदावर लिहून देत नाही.