एक छत्री, दोन टीव्ही



घरात टीव्ही एक आणि बघणारे सहा. मुलांना कार्टून, घरधन्यांना बातम्या, सासूबाईंना कीर्तन. आपली पाळी येते ती भांडी घासून झाल्यावर. म्हणून पुष्कळ घरांत आता आतल्या खोलीत दुसरा टीव्ही येतोय. मग कुणीतरी सांगतं, "दुसरी छत्री घ्यावी लागेल." बायांनो, पैसे काढण्याआधी थोडं थांबा.

छत्रीचं काम फक्त आकाशातल्या उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी एका जागी गोळा करण्याचं. तिच्या तोंडासमोर दांडीवर जो डबा असतो, तो एलएनबी. तो त्या लहरी पकडतो आणि वायरीतून खाली बॉक्सकडे धाडतो. म्हणजे छत्री एकच पुरते. एलएनबी मात्र दोन तोंडांचा हवा. दुकानात 'ट्विन एलएनबी' मागा. चार तोंडांचाही मिळतो. प्रत्येक तोंडातून स्वतंत्र वायर, आणि प्रत्येक टीव्हीला स्वतःचा बॉक्स.

"केबलला स्प्लिटर लावून दोन टीव्ही चालायचे की!" असं तुम्ही म्हणाल. छत्रीचं तसं नाही. इथे बॉक्सच वायरीतून एलएनबीला हुकूम देतो. 13 व्होल्ट पाठवले तर उभ्या लहरी, 18 पाठवले तर आडव्या. एकाच वायरीवर दोन बॉक्सनी वेगवेगळे हुकूम सोडले, तर एकाचंच ऐकलं जातं आणि दुसऱ्या टीव्हीवरचे काही चॅनेल गायब होतात. सगळे चॅनेल एकाच प्रकारच्या लहरींवर असतील तर स्प्लिटरवर निभावतं, पण खात्रीचा मार्ग स्वतंत्र वायरीचाच.

दोन्ही टीव्हींवर एकच कार्यक्रम चालणार असेल, तर दुसरा बॉक्सही नको. पहिल्या बॉक्सपासून दुसऱ्या टीव्हीपर्यंत वायर ओढली की झालं. मात्र चॅनेल बदलला की दोन्हीकडे बदलणार.

डीडी फ्री डिश 2004 साली सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही, त्यामुळे दुसऱ्या बॉक्सलाही भाडं पडत नाही. खासगी कंपनीची छत्री असेल तर दुसऱ्या टीव्हीसाठी कंपनीकडून जोडणी घ्यावी लागते. तिचे दरमहा किती, हे आधी विचारा.

आता जपायच्या गोष्टी. वायर जोडण्याआधी बॉक्सचं बटण बंद करून प्लग काढा, कारण वायरीतून वर वीज जात असते. जुना एलएनबी काढण्याआधी तो कसा वळवलेला आहे, याची पेनाने खूण करा. छत्री जागची हलू देऊ नका. बाहेरच्या जोडाला टेप घट्ट गुंडाळा आणि वायरीला खाली थोडा झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी जोडात न शिरता तिथूनच गळून जाईल. विजेच्या तारांजवळ वायर नेऊ नका. पत्र्यावर, ओल्या स्लॅबवर स्वतः चढू नका, मुलांना चढवू नका. विजा कडाडायला लागण्याआधीच प्लग आणि छत्रीची वायर, दोन्ही काढून ठेवा.

मेकॅनिक आला की तीनच प्रश्न विचारा: एलएनबी किती तोंडांचा? वायर स्वतंत्र का? दरमहा काही भरायचं का? उत्तरं नीट मिळाली की मगच पैसे हातावर ठेवा.