फर्माईश शिपायाची

रेडिओवर फर्माईश करायची म्हणजे आवडीचे गाणे कळवायचे, हे ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या घरांना सांगायला नको. पण दुसऱ्या महायुद्धात घरापासून हजारो मैलांवर असलेल्या एका अमेरिकन शिपायाने गाणे मागितलेच नाही. कॅरोल लँडिस या नटीने मायक्रोफोनसमोर येऊन नुसता एक उसासा टाकावा, एवढेच त्याचे मागणे. कुणाला तव्यावर चरचरणाऱ्या स्टेकचा आवाज हवा होता.

अशा मागण्या पुरवणाऱ्या कार्यक्रमाचे नाव ‘कमांड परफॉर्मन्स’. मार्च १९४२मध्ये तो सुरू झाला. राजाच्या आज्ञेवरून होणाऱ्या खेळाला इंग्लंडात हे नाव होते. इथे आज्ञा करणारा होता साधा शिपाई.

आणि त्याची आज्ञा मोडत नसे कुणी. त्या काळी अमेरिकेत रेडिओचा मोठा कलावंत कोणत्या ना कोणत्या मालाच्या जाहिरातीशी बांधलेला असे. बिंग क्रॉसबी क्राफ्ट चीजचा, बॉब होप पेप्सोडंट टूथपेस्टचा. या मंडळींना एका मंचावर आणायचे तर कोणत्याही जाहिरातदाराची तिजोरी अपुरी पडली असती. इथे जाहिरात नव्हती, आणि मानधनही कुणी घेत नसे. पत्र आले की गायक येत. डायना शोर तर पुन्हा पुन्हा आली.

हा कार्यक्रम मुळात परदेशातल्या सैनिकांसाठी. अमेरिकेतल्या श्रोत्यांना तो एरवी ऐकायला मिळत नसे. १९४२च्या नाताळच्या आदल्या रात्री मात्र देशभरच्या रेडिओ जाळ्यांनी तो ऐकवला. क्रॉसबी, अँड्र्यूज भगिनी, भांड्याकुंड्यांचे आवाज संगीतात मिसळणारा स्पाइक जोन्स, आणि त्यांच्या बरोबरीने एथेल वॉटर्स. सैन्यात काळ्या आणि गोऱ्या शिपायांच्या तुकड्या तेव्हा वेगवेगळ्या होत्या. त्या रात्री या थोर काळ्या गायिकेचा सूर मात्र दोघांसाठी एकाच ध्वनिक्षेपकातून निघाला. साऱ्या कार्यक्रमात हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

पण कळस गाठला तो १५ फेब्रुवारी १९४५ला. वृत्तपत्रांतल्या चित्रमालिकेचा गुप्तहेर डिक ट्रेसी, त्याच्यावर रचलेले तासाभराचे विनोदी संगीतक: ‘डिक ट्रेसी इन बी-फ्लॅट’. ट्रेसी झाला क्रॉसबी, त्याची वाग्दत्त वधू डायना शोर. फ्रँक सिनात्रा, बॉब होप आणि जिमी ड्युरांटी खलनायकांच्या भूमिकांत, आणि बावीस वर्षांची ज्युडी गार्लंड ‘स्नोफ्लेक’. ट्रेसी बोहल्यावर उभा राहिला रे राहिला, की कुठल्या तरी गुन्ह्याची खबर येते आणि लग्न पुन्हा लांबते! एरवी ज्याच्या एका गाण्यावर अख्खा कार्यक्रम उभा राहावा, असा एकेक गायक इथे दोन-चार ओळी गाऊन बाजूला होतो, दुसऱ्याला जागा देतो. संवाद वाचताना मधेच कुणाला हसू फुटते, तेही ऐकू येते.

कार्यक्रम सोळा इंचांच्या तबकड्यांवर कोरून दूरदूरच्या तळांवर पाठवत. एका बाजूवर साधारण पंधरा मिनिटे मावत. म्हणजे ट्रेसीचे लग्न लागेपर्यंत तळावरच्या कुणाला तरी चार बाजू एकामागून एक लावाव्या लागत असणार.