हातचा नसलेली संख्या



बक्षीस समारंभाला पाहुण्याने गणित काढावं हे जरा अतीच झालं, पण १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या एकदा फळ्यावर लिहून पाहा. सतरा अंकी. 'लीलावती' या जुन्या गणितग्रंथातली अंकांची स्थानं मोजत गेलात तर परार्धाच्या अलीकडच्या 'मध्य' स्थानापर्यंत पोहोचाल. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर अशा संख्यांच्या मागे लागले आणि डेम्लो स्टेशनवर कल्पना सुचली म्हणून त्यांना 'डेम्लो संख्या' म्हणू लागले. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. अनेकजण हे पाहून 'चमत्कार!' म्हणतात आणि पुढे सरकतात. माझं म्हणणं एवढंच, की चमत्कार म्हणून थांबलात तर संख्येतलं सगळ्यात चांगलं हातून निसटतं. चौथीतला गुणाकार मांडा. नऊ एकांची ओळ नऊदा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. आता उभ्या रकान्यांची बेरीज करा: कडेला एक, मग दोन, तीन, मधोमध नऊ, आणि पुन्हा उतरती. कुठल्याच रकान्यात दहा होत नाहीत, म्हणून हातचा येत नाही. चमत्काराचं कारण हे, आणि त्याची हद्दही हीच. दहा एक घ्या, मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो, आणि वर्ग निघतो १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीतला आठ गायब!

कुणी म्हणेल, हा सगळा दशमान पद्धतीचा खेळ. संख्येचा स्वतःचा गुण कुठला? आक्षेप अर्धा खरा आहे. ३३३६६७ ने या संख्येला निःशेष भाग जातो, हे कुठल्याही पद्धतीत लिहा, बदलत नाही. अंकांची चढण मात्र लिखाणाची. पण अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग करा, तिथेही १२३४५६७६५४३२१ च मिळतं, कारण तिथेही हातचा येत नाही. म्हणजे पद्धत बदलली तरी कारण टिकलं. दुसरा आक्षेप यंत्राचा: संगणक असताना हे हाताने कशाला? तर एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग काढा. पंधरा अंकांनंतर ते शून्यं भरतं, म्हणून शेवटी ३०० दिसतं. शेवटी एक असलेल्या संख्येचा वर्ग शून्यावर संपूच शकत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो एका नजरेत चूक पकडतो. ज्याला ठाऊक नाही, तो ते उत्तर वहीत उतरवून घेतो.

आजचं बक्षीस कुणालाही मिळो, घरी गेल्यावर अकरा एकांचा वर्ग कागदावर मांडा आणि हातचा कुठे कुठे येतो ते आपल्या सरांना, बाईंना सांगा.